‘कर्ती’ म्हणजे कर्ताच का?

शब्दवेडी : एका अहवालाचा अनुवाद करताना ‘फीमेल-हेडेड हाउसहोल्ड’ या संज्ञेपाशी अडले आहे. मी ‘कर्त्या स्त्रीचे कुटुंब’ असे लिहिले होते. संपादकांनी ‘बाई कामाला वाघ आहे, एवढाच अर्थ निघतो’ असा शेरा मारून ते खोडले. त्यांचे म्हणणे मला खोडता येत नाही. ‘घरातला कर्ता गेला’ म्हटले की मिळकत थांबली हे वेगळे सांगावे लागत नाही, पण ‘सून कर्ती आहे’ म्हटले की डोळ्यांपुढे पाहुणे आणि सणवार येतात. दुसरा शब्द कोणी सुचवील का?

गोदातीर : ‘महिलाप्रमुख कुटुंब’ लिहावे आणि मोकळे व्हावे. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने शिधापत्रिकेसाठी घरातली 18 वर्षांवरील सर्वांत ज्येष्ठ स्त्रीच कुटुंबप्रमुख ठरवली आहे.

जुना वाचक : आमच्या वडिलांच्या पत्रांत ‘कुटुंबास बरे नाही’ असे असे, आणि कुटुंब म्हणजे आमची आई. त्यामुळे ‘महिलाप्रमुख कुटुंब’ वाचून मला हसूच येते. संस्कृतात ‘कुटुंबिनी’ हा सुरेख शब्द पडून आहे, तो का उचलू नये?

शब्दवेडी : कुटुंबिनी ही घरधन्याची पत्नीच, म्हणजे धनी आधी आलाच. गोदातीर, शिधापत्रिकेची व्याख्या घेतली तर बहुतेक घरे महिलाप्रमुख ठरतील. जनगणनेत मात्र घरचे लोक ज्याला प्रमुख म्हणतील तोच प्रमुख, आणि 2011 मध्ये अशी घरे सुमारे 11 टक्के निघाली. नवरा वर्षभर सुरतेला असला आणि शेत बाई कसत असली, तरी नाव बहुधा त्याचेच सांगितले जाते.

बालाघाट : आमच्या बीडकडे ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला एक ‘कोयता’ म्हणतात आणि मुकादमाची उचल कोयत्यावर मिळते. नवरा मेला किंवा त्याने टाकले, की बाई ‘अर्धा कोयता’ होते. मग उचलीसाठी तिला भावाशी, दिराशी, नाही तर वयात येणाऱ्या मुलाशी जोडी जमवावी लागते, आणि मुलगा असेल तर त्याची शाळा तिथेच सुटते. पोरे तिच्यावर, कर्ज तिच्यावर, आणि हिशेबात ती अर्धी. अशा घराला आमच्याकडे ‘बाईच्या जिवावरचं घर’ म्हणतात.

गोदातीर : शब्दप्रयोग जिवंत आहे, पण अहवालाच्या तक्त्यात तो कसा बसणार? हल्ली ‘एकल महिला’ रूढ झाले आहे.

जुना वाचक : ‘एकल’ हिंदीतून आले, आपली ‘एकटी’ काय वाईट होती?

बालाघाट : ‘एकटी’ म्हटले की कीव येते आणि ‘परित्यक्ता’ म्हटले की टाकणारा पुरुष शब्दातच येऊन बसतो, म्हणून मला ‘एकल’ चालते. पण ते या प्रश्नाचे उत्तर नव्हे. भावाच्या घरी राहणारी एकल असते, प्रमुख नसते. नवरा अंथरुणाला खिळला आहे ती प्रमुख असते, एकल नसते.

सातबारा : आमचे वडील वारल्यावर जमिनीच्या उताऱ्यावर थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे ‘एकत्र कुटुंब मॅनेजर’, लागले आणि आईचे नाव ‘इतर हक्कां’त गेले, त्यामुळे पीककर्जाला बँकेच्या दारात उभी ती आणि सही त्याची. 2015 च्या अखेरीस दिल्ली उच्च न्यायालयाने एकत्र कुटुंबाची थोरली मुलगीही ‘कर्ता’ होऊ शकते असा निकाल दिला, पण तिथेही ती कर्ताच झाली, कर्ती नाही.

शब्दवेडी : मग मी ‘कर्ता स्त्री’ असे लिहू का?

जुना वाचक : व्याकरणाचा खून करायचा असेल तर अवश्य लिहावे. आणि सातबारा, ते ‘ए.कु.म्या.’ असे असते. आमच्या जुन्या उताऱ्यांवर मॅनेजरचा ‘म्यानेजर’च आहे.

सातबारा : माझ्यासमोर आत्ता उतारा आहे. त्यावर ‘मॅ’ आहे.