‘१९८४’च्या शेवटी विन्स्टन मरतो का?

प्रश्न: जॉर्ज ऑर्वेल यांच्या १९४९ सालच्या या कादंबरीच्या अखेरच्या पानावर नायक विन्स्टनच्या मेंदूत गोळी शिरते, असे स्पष्ट लिहिलेले असताना तो जिवंतच राहतो, असे काही वाचक कशाच्या आधारावर म्हणतात?

उत्तर: तो परिच्छेद सावकाश वाचावा. विन्स्टन कॅफेत बसून आफ्रिकेतील विजयाची बातमी ऐकत असतो. पांढऱ्या फरश्यांची मार्गिका, पाठीमागचा सशस्त्र पहारेकरी आणि ती गोळी हे सारे त्याच्या दिवास्वप्नात घडते. लगेच पुढे जिनचा वास असलेले अश्रू त्याच्या नाकावरून ओघळतात. मेलेला माणूस रडेल कसा?

उत्तर: सहमत. घाईत आणखी एक गोष्ट निसटते. शेवटचे न्यूस्पीकवरील (कादंबरीतील हुकूमशाही राजवटीने घडवलेल्या भाषेवरील) परिशिष्ट भूतकाळात लिहिलेले असल्याने ती राजवट पुढे कोसळली असावी, असे काहीजण मानतात. मला मात्र तो अर्थ ओढूनताणून काढलेला वाटतो.