सरांच्या स्मरणिकेसाठी आठवणी कशा मागवाव्यात?

प्रश्न: सरांवर १६ पानी स्मरणिका काढतोय. शाळा आणि घर, दोन्ही यायला हवं.

उत्तर: नुसतं ‘आठवण लिहा’ म्हटलंत तर सगळे ‘प्रेमळ, शिस्तप्रिय’ लिहितात आणि माणूसच हरवतो. नेमकं विचारा: चूक कशी दाखवायचे? उशिरा आलेल्याला काय म्हणायचे? घरच्यांना विचारा, वह्या तपासायला कुठे बसायचे? प्रत्येकी १५० शब्द पुरे.

उत्तर: जुने छोटे फोटो ६०० डीपीआयवर (दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो दबतो, म्हणजे त्याचा दर्जा घटतो, आणि छपाईत फुटतो. डॉक्युमेंट म्हणून मागवा. तपासलेल्या वहीतला त्यांच्या अक्षरातला शेरा जरूर घ्या, लाल शाईसकट, रंगीतच.

उत्तर: मजकूर वाढला तर थेट २० पानं करा. मधे पिन मारायची तर पानं चारच्या पटीतच लागतात. नेमणूक-निवृत्तीच्या तारखा कागदपत्रांवरूनच घ्या.