मुलगी जर्मनीला होस्ट फॅमिलीकडे राहणार, बॅगेत काय भरू?

चोपड्याची_आई:
लेक ऑक्टोबरमध्ये जर्मन शिकायला फ्रायबुर्गला जातेय, तिथल्याच एका कुटुंबात राहणार. घरी जो येतो तो सांगतो कळण्याचं पीठ दे, तूप दे, पेढे दे, मला तर काही सुचत नाही. त्या घरच्यांना भेट काय द्यायची तेही सांगा.

भुसावळकर:
ताई, तूप-पेढे अजिबात नका देऊ! युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे न् मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. काळा मसाला द्या पण दोन-तीन पिशव्यांत घट्ट बांधून, नाहीतर सगळ्या कपड्यांना वास. भेटीला केळीचे वेफर्स, जळगावच्या केळीला जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) आहे हे ती अभिमानाने सांगेल.

धुळ्याची_पोरगी:
घरात घालायच्या चपला नक्की द्या, तिथे बऱ्याच घरी बूट दारातच काढतात. चार्जर चालतो, व्होल्टेज आपल्यासारखंच 230, फक्त आपली तीन पिनची जाड प्लग तिथे बसत नाही, अ‍ॅडॅप्टर घ्या. पॉवरबँक हातातल्या बॅगेत, औषधांसोबत डॉक्टरची चिठ्ठी. आणि रविवारी पोचत असेल तर थोडं खायचं जवळ असू द्या, दुकानं बहुतेक बंद असतात.

चोपड्याची_आई:
खूप आभार दोघांचे. भरीत करता येईल का हो तिला तिथे?

धुळ्याची_पोरगी:
येईल की, ओव्हनमध्ये वांगी भाजायची. पण फोडणी द्यायच्या आधी त्या काकूंना विचारायला सांगा, धुराचा अलार्म असतो घरात.