बाळंतपणानंतर निरोध: थोडी भर

वर एकीने विचारलंय, "बाळ अंगावर पितंय, पाळीही आली नाही, मग आत्ताच निरोध (कंडोम) कशाला?" अगं, अंगावर पाजताना दिवस जात नाहीत, हा भरवसा तीन अटींवर टिकतो: बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पाळी सुरू झालेली नाही आणि दिवसरात्र फक्त आईचंच दूध. वरचं दूध सुरू झालं की तो धरू नकोस. बीज पाळी यायच्या आधीही सुटू शकतं, म्हणून पाळीची वाट बघत थांबू नये.

आम्ही निरोधच निवडला. दुधावर परिणाम नाही आणि जबाबदारी नवराही उचलतो, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पाजत असताना कोरडेपणा येतो, त्यासाठी वॉटर-बेस्ड जेल वापर. खोबरेल किंवा व्हॅसलीन अजिबात नको, तेलाने लॅटेक्स (निरोधाचं रबर) कमजोर होऊन फाटतं. खोबरेल घरात हाताशीच असतं, म्हणून मुद्दाम सांगतेय.

एरवीच्या वापरात वर्षभरात १०० पैकी साधारण १३ जणींना दिवस जातात. दर वेळी नीट वापरला तर २. फाटलाच तर ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितकं बरं, आयपिलसारखी (दिवस जाऊ नयेत म्हणून नंतर घ्यायची) गोळी घ्यायची. ती पाजतानाही चालते. एवढी धाकधूक नको असेल तर डॉक्टरांना तांबीबद्दल (कॉपर-टी) विचार.