वचा म्हणजे वेखंडच का?

नुसतं ‘वचा’ असेल तर हो, वेखंडच. उग्रगंधा, षड्ग्रंथा, गोलोमी ही त्याच वनस्पतीची संस्कृत नावं. पण जुन्या वैद्यकग्रंथांचं मराठी करताना या समीकरणावर डोळे मिटून विसंबू नये, कारण आधी विशेषण लागलं की वनस्पतीच बदलते. भावप्रकाश या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात वचेच्या पाठोपाठ पारसीक वचा, महाभरी वचा आणि द्वीपांतर वचा येतात. यातली द्वीपांतर वचा म्हणजे चोपचिनी, तिचा वेखंडाशी काही संबंध नाही. महाभरी म्हणजे बहुतेकांच्या मते कुलिंजन, आल्याच्या कुळातलं. तिथे सरसकट ‘वेखंड’ लिहिलं तर औषधच बदलतं.

मराठी शब्दाचीही एक गंमत आहे. आपण ‘वेखंड’ म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे झाड येत नाही, वाळलेला, पेरापेरांचा, उग्र वासाचा तुकडा येतो. ओल्या आल्याला आलं आणि वाळलेल्याला सुंठ म्हणतो, तशी सोय इथे नाही. सगळ्या वनस्पतीला तुकड्याचंच नाव. प्रत्यक्षात ती पाणथळ जागी, ओढ्याकाठच्या चिखलात वाढते. पानं तलवारीसारखी लांब, चुरडली तर तीही सुगंधी. आपण वापरतो ते मूळ नव्हे, जमिनीखालचं आडवं खोड. पूर्वी तिला अळू-सुरणाच्या कुळात घालत, आता तिचं कुळ स्वतंत्र मानतात.

वापरातले शब्द मला फार आवडतात. वेखंड ‘उगाळतात’, आणि बाळगुटीत त्याचं माप चमच्यात नसतं, सहाणेवरच्या ‘वेढ्यां’त असतं. मायफळ, मुरुडशेंग, हळकुंड, बाळहिरडा यांच्या पंगतीत ते बसतं. सर्दीत कपाळाला लेप, तान्ह्याच्या टाळूला पूड, पुस्तकांत आणि कपड्यांत कसर लागू नये म्हणून तुकडा, हे सगळं या एका वासाच्या जोरावर. तमिळमध्ये वेखंडाला वसंबु म्हणतात, शिवाय ‘पिळ्ळै वळर्प्पान’, म्हणजे मूल वाढवणारा, असंही नाव आहे. मलयाळममध्ये वयंबु, कन्नडमध्ये बजे, हिंदीत बच किंवा घोडबच. बच आणि बजे ऐकताना वचा आठवते. मराठी वेखंड मात्र या ओळीत एकटंच उभं आहे.

‘वचा’ हे नाव वाणीशी जोडलं जातं आणि बोलणं स्पष्ट व्हावं, बुद्धी तल्लख व्हावी म्हणून ते देत. त्याच ग्रंथांत ते वांती करवणारंही आहे, हे फारसं कोणी सांगत नाही. वेखंडाच्या तेलात बीटा-असरोन नावाचं रसायन असू शकतं, त्याच्या प्रमाणात जातीनुसार प्रचंड फरक पडतो: अमेरिकेतल्या मूळच्या जातीत ते नसतंच, युरोपातल्या जातीत थोडं, भारतातल्या चौगुणित (गुणसूत्रांचे चार संच असलेल्या) जातीत भरपूर. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्याने गाठी झाल्या, म्हणून अमेरिकेने 1968 मध्ये वेखंड खाद्यपदार्थांत वापरायला बंदी घातली. म्हणून माझं मत असं, की लेप आणि पूड बाहेरून असू द्यावी, पण तान्ह्याला पोटात देण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

आणि लिंगाबद्दल: ‘ते वेखंड’, नपुंसकलिंगी. ‘वेखंडाची पूड’, ‘वेखंडाचा तुकडा’ असंच लिहावं.