बुसानमध्ये दोनच दिवस असतील तर समुद्र सोडा, डोंगर चढा

पायवाट

कोरियाला जाणारी आपली मंडळी बुसानला जेमतेम दोन दिवस देतात. कित्येक जण तर सोलहून पहाटेची आगगाडी पकडतात, अडीच-पावणेतीन तासांत पोचतात आणि रात्री परत. मी मे महिन्यात जाऊन आले. त्या दोन दिवसांत काय करावं याबद्दल माझं मत ठाम झालंय, ते मांडते. वाद घालायला या.

सहल कंपन्यांच्या पत्रकात काय असतं? हेउंदेची वाळू, समुद्राकाठचं योंगगुंगसा देऊळ, रात्री ग्वांगान पुलाची रोषणाई. वेळ कमी असेल तर हे सगळं सोडा असं मी म्हणते. समुद्र आपल्याकडेही आहे. बुसानचे डोंगर आणि त्यांवरच्या वस्त्या मात्र दुसरीकडे कुठे बघायला मिळणार नाहीत.

जून १९५० मध्ये उत्तर कोरियाचं सैन्य खाली उतरलं, तीन दिवसांत सोल पडलं. ऑगस्टपर्यंत दक्षिणेच्या हातात देशाचा आग्नेय कोपरा तेवढा उरला होता आणि बुसान हे त्या कोपऱ्यातलं बंदर. युद्धाच्या तीन वर्षांतला बहुतेक काळ राजधानी इथेच होती. निर्वासितांमुळे शहराची वस्ती जवळपास दुप्पट झाली. सपाट जागा बंदर, रेल्वे आणि लष्कराने आधीच व्यापलेली. मग माणसं चढावर सरकत गेली. फळ्या, पुठ्ठे, पत्रे, जे मिळेल त्याच्या खोल्या उभ्या केल्या. आज त्या वस्त्यांना जोडणारा जो नागमोडी रस्ता आहे त्याला ‘सानबोक-दोरो’ म्हणतात, म्हणजे डोंगराच्या पोटावरचा रस्ता. बसमधून त्या रस्त्याने जाताना एका बाजूला घरांची छपरं आपल्या पायांच्या पातळीवर असतात आणि खाली बंदरातल्या क्रेन दिसतात.

माझा बेत असा होता. मेट्रोच्या एक नंबर मार्गावर थोसोंग स्थानक, तिथून छोटी बस, गामचोन ही रंगीत घरांची डोंगरवस्ती. मग पायी आमी-दोंग. तिथली बिसोक वस्ती बघून मी अर्धा तास एका पायरीवर बसून राहिले. जपानी राजवटीत तिथे जपान्यांचं स्मशान होतं. निर्वासित आले तेव्हा मोकळी जमीन तीच. त्यांनी थडग्यांचे दगड जोत्याला लावले, पायऱ्यांना लावले, वर घरं बांधली. काही दगडांवरची अक्षरं अजून दिसतात. सणासुदीला तिथली कुटुंबं त्या अनोळखी मृतांसाठीही भाताची वाटी ठेवत, असं सांगतात. हे ऐकल्यावर मला सर्वपित्रीचं पान आठवलं. ज्यांच्या थडग्यावर नाइलाजाने चूल मांडली, त्यांना आपल्या घासातला घास द्यायचा. बुसान समजायला याहून दुसरं काही नको.

तिथून उतरून बोसू-दोंगची जुन्या पुस्तकांची गल्ली, गुकजे बाजार आणि एक वाडगा मिलम्योन. थंडगार रश्शातल्या गव्हाच्या शेवया. उत्तरेकडची माणसं बकव्हीटच्या, म्हणजे कुट्टूच्या शेवया खायची. इथे ते धान्य मिळेना, अमेरिकी मदतीचं गव्हाचं पीठ मात्र होतं. त्या अडचणीतून ही शेवई निघाली.

गिरगावची

पायवाट, लिहिलंय छान. पण मला हा बेत मुळातच पटत नाही, आणि का ते स्पष्ट सांगते.

माझं बालपण गिरगावातल्या चाळीत गेलं. ‘जुनी मुंबई’ बघायला माणसं यायची, गळ्यात कॅमेरे. विचारायचं नाही, थेट जिना चढून गॅलरीत. दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांचे फोटो, स्टोव्हवर दूध तापवणाऱ्या आईचा फोटो. आजी शेवटच्या आजारपणात दाराजवळच्या कॉटवर असायची, वारा यावा म्हणून दार उघडं ठेवायचो. एकदा एकाने तिचाही काढला. बाबा अंगावर धावून गेले तेव्हा तो म्हणाला, मी तर कौतुकाने काढतोय. पुढे आम्ही दार लावायला लागलो. मे महिन्यात, उकाड्यात.

तेव्हा ‘अर्धा तास एका पायरीवर बसून राहिले’ हे वाक्य वाचल्यावर माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो असा, की ती पायरी कोणाच्या घराची होती? तुम्ही शांत बसला असाल. तुमच्यानंतरचे चाळीस जण?

किनारा सगळ्यांचा असतो. पूल सगळ्यांचा. देवळात पाहुणा चालतो. धारावीच्या सहली काढतात तेव्हा आपण चिडतो. मग तेच बुसानमध्ये आपण केलं की त्याला इतिहासाची ओढ का म्हणायचं?

लाटांवर

माझा विरोध वेगळ्या कारणासाठी. मी आईला घेऊन गेले होते, वय ७३, गुडघे दुखरे. तिला डोंगरावरच्या वस्त्या दाखवा म्हणणं सोपं आहे. छोर्यांगला रेल्वे स्थानकाजवळ जो सरळसोट १६८ पायऱ्यांचा जिना आहे तो खालून बघूनच ती म्हणाली, तू जाऊन ये, मी इथे बसते.

आम्ही दुसऱ्या दिवशी ब्लूलाइनची गाडी घेतली. जुना रेल्वेमार्ग बंद झाल्यावर मिपो ते सोंगजोंग असा ४.८ किलोमीटरचा पट्टा २०२० पासून फिरायला खुला केलाय. गाडी सावकाश जाते आणि सगळी बाकं समुद्राकडे तोंड करून. आई काचेला नाक लावून बसली होती. योंगगुंगसाला १०८ पायऱ्या उतराव्या लागतात, तरी तिथे मात्र ती हट्टाने उतरली, थांबत थांबत. देऊळ १३७६ साली स्थापन झालेलं, खडकावर, खाली लाटा आपटतायत. तिने आयुष्यभर हरिहरेश्वर आणि गुहागर पाहिलं आहे. तरी परत आल्यावर तिने शेजारणीला सांगितलं ते या देवळाबद्दलच.

‘समुद्र आपल्याकडेही आहे’ हा मुद्दा म्हणूनच मला लागला. देऊळही आपल्याकडे आहे, डोंगरही आहे. बुसान मासेमारीचं आणि बंदराचं गाव. समुद्र वगळून ते समजेल कसं?

पायवाट

लाटांवर, गुडघ्यांचा मुद्दा मान्य, माझ्या लिहिण्यात तो यायला हवा होता. पण गामचोनला बस वरपर्यंत जाते, जिने चढावे लागत नाहीत, उतरावे लागतात. (गुडघ्यांना उतार जास्त वाईट हे कळतंय मला.)

गिरगावची, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: पायरी रस्त्याकडेची होती. पण कोणाच्या दाराला लागून होती का, ते मी तेव्हा पाहिलं नाही. तरीही धारावीशी तुलना मला पूर्ण बरोबर वाटत नाही. गामचोनमध्ये रस्त्यात पाट्या आहेत, कुठे जावं, कुठे आवाज करू नये. रहिवाशांच्या मंडळाची दुकानं आहेत, नकाशा विकत मिळतो. त्यांनी स्वतः दार उघडलंय असं मी समजले.

बंदरातला

मी बुसानला सहा वर्षं आहे, जहाजबांधणीशी संबंधित काम. दोघींच्या बोलण्यात तथ्य आहे, पण दोन गोष्टी सांगायला हव्यात.

एक, गामचोन रंगीत कसं झालं. पन्नाशीच्या दशकात तैगुकदो नावाच्या पंथाचे लोक तिथे वसवले गेले. घरं अशी पायरीपायरीने की पुढच्याने मागच्याचा उजेड अडवू नये. पुढे तरुण पोरं नोकऱ्यांसाठी खाली गेली, म्हातारी माणसं आणि रिकामी घरं उरली. २००९ मध्ये सरकारी मदतीने चित्रं आणि शिल्पांचा प्रकल्प झाला, तेव्हापासून लोक येऊ लागले. प्रकल्प नसता तर वस्ती पाडून इमारती उभ्या राहिल्या असत्या असं मानणारे इथे बरेच आहेत. दुसरीकडे, दुपारी बाराच्या सुमारास त्या छोट्या बसमध्ये चढून बघा. भाजीच्या पिशव्या घेतलेल्या आजीबाई उभ्या आणि बसलेले सगळे पाहुणे. मी हे अनेकदा पाहिलंय आणि प्रत्येक वेळी लाज वाटते. दार उघडलं कोणी, हा प्रश्न पायवाटताईंनी समजला तेवढा सोपा नाही. कॅफेवाल्याने उघडलं असेल. शेजारच्या घरातल्या आजोबांना कोणी विचारलं होतं?

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. निर्वासितांचं बुसान बघायला कोणाच्या दारात जायची गरजच नाही. ते भर रस्त्यात आहे.

योंगदो पूल घ्या. १९३४ चा, जहाजांसाठी एक भाग उचलला जाणारा. पळताना ताटातूट होईल हे माणसांना माहीत होतं आणि बुसानचं नाव घेतल्यावर सगळ्यांना ठाऊक असलेली जागा हीच. ‘योंगदो पुलावर भेटू’ असं सांगून माणसं निघाली. मग इथे येऊन दिवसचे दिवस पुलाच्या कठड्याला टेकून उभी राहिली. पुलाखाली ज्योतिषी बसायचे. नवरा जिवंत आहे का, पोरगं कुठे आहे, हे विचारायला रांग. पुढे पूल उचलणं बंद झालं ते २०१३ मध्ये पुन्हा सुरू झालं. तिथून जवळच चाळीस पायऱ्यांचा जिना आहे. तिथेही हीच गर्दी असायची, मदतीच्या मालाचा बाजार आणि हरवलेल्यांची शोधाशोध एकाच जागी.

पूल ओलांडून योंगदोमध्ये गेलात तर जहाजदुरुस्तीची गल्ली आहे, ‘कांगकांगी’. हातोडीच्या आवाजावरून पडलेलं नाव. बाया दोरांवर लटकून जहाजांचा गंज ठोकून काढायच्या. माझ्या कामाशी नातं असल्यामुळे असेल, पण मला हे शहर त्या आवाजातच दिसतं. यात समुद्र आहे आणि निर्वासितही आहेत, लाटांवरताई. हेउंदे आणि डोंगर असे दोन तट पाडायचं कारण नाही.

जुनी_पानं

संयुक्त राष्ट्रांच्या स्मशानभूमीचा कोणी उल्लेख कसा केला नाही? १९५१ पासूनची, दहाहून अधिक देशांचे सुमारे २३०० सैनिक तिथे आहेत. आत एक अरुंद पाण्याचा पाट आहे, त्याला दाउंट या ऑस्ट्रेलियन सैनिकाचं नाव दिलंय. तो मारला गेला तेव्हा सतरा वर्षांचा होता. तिथे मोठ्याने बोलवत नाही.

आणि आपला धागाही बुसानपासूनच सुरू होतो. नोव्हेंबर १९५० मध्ये भारताची ६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्स याच बंदरात उतरली. ले. कर्नल ए. जी. रंगराज त्यांचे प्रमुख, पुढे महावीर चक्र मिळालं. भारताने लढायला सैन्य पाठवलं नाही, डॉक्टर पाठवले. युद्धबंदीनंतर कैद्यांची देखरेख करायला जी भारतीय तुकडी गेली तिचे प्रमुख आपले मराठी, मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. मात्र त्यांचे सैनिक बुसानला आले नाहीत. दक्षिणेचे अध्यक्ष सिंगमन री यांनी भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाय ठेवू द्यायला नकार दिला होता, म्हणून इंचॉनच्या जहाजांवरून हेलिकॉप्टरने त्यांना थेट सीमेवरच्या निर्लष्करी पट्ट्यात नेलं.

जाता जाता: गिमहेला राणी हो ह्वांग-ओकची समाधी आहे, बुसानहून हलक्या रेल्वेने जाता येतं. अयोध्येहून आलेली राजकन्या म्हणून आपले लोक आवर्जून जातात.

बंदरातला

समाधी बघण्यासारखी आहे, पण ‘अयोध्येहून आलेली’ हे इतिहास म्हणून सांगू नका. राणीच्या देशाचं ‘आयुता’ हे नाव तेराव्या शतकातल्या ग्रंथात येतं, घटना पहिल्या शतकातली. मधे बाराशे वर्षं. दोन दिवसांच्या मुक्कामात मी तिथे अर्धा दिवस घालवणार नाही.

जुनी_पानं

मी घालवेन. गिमहेच्या किम घराण्यातली लाखो माणसं त्या राणीला आपली मूळ आई मानतात. भारतीय माणूस दिसला की आपुलकीने बोलतात. कथा खरी आहे की नाही यापेक्षा ती आपुलकी खरी आहे, मला तेवढं पुरतं.

भाकरतुकडा

मी पूर्ण शाकाहारी. जागालचीचा मासळी बाजार, डुकराच्या मांसाचा तो प्रसिद्ध भाताचा रस्सा, सगळीकडे हेच वाचतेय. मी काय खाऊ?

बंदरातला

भाकरतुकडा, अवघड आहे, खोटं सांगत नाही. मिलम्योनचा रस्साही मांसाचाच. भाज्यांच्या पदार्थातही मासळीचा रस्सा असतो, आणि किमचीत खारवलेली मासळी, बुसानमध्ये तर जास्तच. बिबिमबाप (भाज्या घातलेला भात) घ्या, मांस, अंडं नको असं लिहून दाखवा, वरचा तिखट सॉस वेगळा मागा. नाम्पो-दोंगच्या चौकात बियांचा होत्तोक मिळतो, गरम तळलेल्या पोळीत साखर आणि सूर्यफूल-भोपळ्याच्या बिया. पुरणपोळीची आठवण येते. सोबत मेतकूट आणि दशम्या न्या.

पायवाट

दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण माझे फोटो पुन्हा उघडून बघत होते. आमी-दोंगच्या एका फोटोत जोत्याचा दगड आहे आणि वर अर्धवट उघडं दार. आत कोणाच्या तरी चपला, काठी. तेव्हा मला फक्त दगड दिसला होता. हा फोटो मी इथे लावणार होते. लावणार नाही.

पण मुद्दा सोडत नाही. हेउंदेच्या काचेच्या मनोऱ्यांखाली झोपून परत आलेल्या माणसाला बुसान दिसलेलं नाही. आणि बिसोक वस्तीत कोणी जाऊच नये, हे मला अजून पटत नाही. युद्धकाळातल्या राजधानीच्या ज्या जागा कोरियाने २०२३ मध्ये जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत नेल्या, त्यांत ती आहे. कोणी गेलंच नाही, तर त्या भाताच्या वाटीबद्दल सांगणार कोण?

गिरगावची

फोटो न लावल्याबद्दल आभार. मनापासून.

सांगणार कोण? तिथे राहणारे सांगतील, त्यांना वाटेल तेव्हा. यादीत नाव आल्यावर तर माणसं आणखी वाढतील, मला तीच भीती आहे. आमच्यात हा मतभेद राहील.

बाबांना ऑक्टोबरमध्ये घेऊन जातेय. वस्त्यांमध्ये जाणार नाही. पुलावर मात्र जाणार. फाळणीत बाबांचे एक स्नेही कराचीहून आले होते, मराठी शाळेत शिकलेले. ते सांगायचे, धाकटा भाऊ बंदरावर हरवला तो हरवलाच. ‘पुलावर भेटू’ हे वाचून दाखवलं तर बाबा बराच वेळ गप्प होते. बंदरातला, पूल कधी उचलतात?

बंदरातला

शनिवारी दुपारी दोनला, पंधराएक मिनिटं. वारा फार असला की उचलत नाहीत, तेव्हा आदल्या दिवशी एकदा चौकशी करा. बाबांना नाम्पो-दोंगच्या बाजूने न्या, तिकडे बसायला जागा आहे. पाऊण तास आधी पोचा.