पासपोर्टातल्या 'लेट'चं मराठी काय करावं? मदत हवी आहे

आईचा पहिला पासपोर्ट आला. वयाच्या 68 व्या वर्षी ती नातवाकडे चालली आहे. आतल्या पानावर राष्ट्रपतींच्या नावानं केलेली, पासपोर्टधारकाला मोकळेपणानं जाऊ द्या, ही विनंती तिनं बोट ठेवून वाचली आणि 'विदाऊट लेट ऑर हिंड्रन्स'वर थांबली. "म्हणजे उशीर न करता सोडा, असंच ना?"

"अगं, उशीरवाला लेट वेगळा. हा 'जाऊ द्या'मधला."

"मग जाऊ न देता जाऊ द्या, असं कसं लिहितील?"

मला उत्तर देता येईना. दोन दिवस शब्दकोश धुंडाळले. जुन्या इंग्रजीत ही क्रियापदं मुळात दोन होती. एक 'लॅटन', म्हणजे करू देणं. जर्मनमधलं 'लासन' त्याचंच भावंड. दुसरं 'लेट्टन', म्हणजे अडवणं. प्रत्यय झिजत गेले आणि दोघांचं रूप एक झालं. बापाच्या भुतामागे निघालेला शेक्सपिअरचा हॅम्लेट मित्रांना बजावतो, मला जो 'लेट' करील त्याचंच भूत करीन. 1611 च्या इंग्रजी बायबलात पौल रोमकरांना लिहितो, तुमच्याकडे यायचं पुष्कळदा ठरवलं, पण आजवर 'लेट' झालो, म्हणजे अडवला गेलो. पुढे हे क्रियापद बोलण्यातून गेलं. नाम तेवढं कायद्याच्या भाषेत उरलं, आणि बॅडमिंटनमध्ये: पंच 'लेट' म्हणाले की गुण कुणालाच नाही, सर्व्हिस पुन्हा.

आणि हे 'लेट्टन' ज्या शब्दावरून आलं त्याचा अर्थ मंद, रेंगाळलेला. 'गाडी लेट आहे' मधला लेट त्याच घरातला. अडवणं म्हणजे उशीर करायला लावणं. आईचा पहिला अर्थच मुळाच्या जास्त जवळ होता! तिला हे सांगितलं तेव्हा तिनं ते पान पुन्हा उघडून वाचलं.

आता मदत हवी आहे ती अशी. तिच्यासाठी त्या मजकुराचं मराठी करतोय. पासपोर्टावरच्या हिंदीत 'बिना रोक-टोक' आहे. 'अडवणूक' शब्दाला छळाचा वास येतो, 'मज्जाव' म्हणजे थेट बंदीच. 'आडकाठी न घालता' मला आवडतंय, पण मूळ शब्दजोडीचं वजन त्यात येत नाही. जुन्या मराठी दस्तकांत, म्हणजे परवान्यांत, 'मुजाहीम न होणे' (आडवं न येणे) असायचं. मोडी कागद वाचणाऱ्या कुणाला त्याच्या जोडीला दुसरा शब्द आलेला आठवतो का? आणि आज तो मजकूर आईला न अडखळता वाचता येईल असा कसा लिहावा?

पुढच्या महिन्यात तिचं विमान आहे. तोवर तो कागद पासपोर्टाच्या कव्हरात घालून द्यायचा आहे.